क्लास डी अॅम्पची किरकिर जात नाही? चिप बदलण्याआधी ग्राउंडची वाट तपासा

गाणं चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. ते थांबलं, किंवा दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यं शांत झाली, की स्पीकरमधून बारीक किरकिर ऐकू येते. ब्लूटूथ मोबाइल शोधत असलं की ठरावीक अंतराने टिकटिक, जोडणी झाली की सलग झ्झ्झ, आणि मोबाइलवर नुसतं गाणं पुढे ढकललं तरी चिवचिव. घरी क्लास डी चिपचा (आउटपुट ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून आवाज वाढवणाऱ्या चिपचा) अॅम्प बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही पहिली तक्रार असते. ती आल्यावर बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नवा बोर्ड मागवणं. नवा बोर्ड येतो आणि किरकिर तशीच राहते.

माझ्याकडे अशा पेट्या दुरुस्तीला येतात. त्यातली एक मावशीच्या भजनी मंडळाची होती. सरावाला मोबाइलवरून तानपुरा आणि तबला लावता यावा म्हणून आत्येभावाने ती बनवली होती. आत टीपीए३११६डी२ चिपचा स्टिरिओ बोर्ड, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॅप्टर, त्या १९ चे ५ व्होल्ट करायला एलएम२५९६ चा छोटा बक कन्व्हर्टर, त्यावर चालणारं ब्लूटूथ मॉड्यूल आणि ८ ओहमचे दोन स्पीकर. लाकूडकाम सुरेख होतं. पण तानपुऱ्याचा आवाज मुळात बारीक, त्यामुळे जोडीच्या षड्जाखाली ती किरकिर सतत ऐकू यायची, आणि ज्यांना त्या सुरात गायचं होतं त्यांना ती सहन होईना.

त्याने तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. दुसरा बोर्ड लावला. बक कन्व्हर्टरच्या स्विचिंगमुळे आवाज येत असेल म्हणून तो काढून ७८०५ हा स्विचिंग न करणारा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावला. मॉड्यूलपासून अॅम्पपर्यंत शिल्डेड वायर टाकली. तिन्ही वेळा काहीच फरक पडला नाही. तो का पडला नाही हे कळलं की बाकीचं निदान सोपं होतं.

आधी पाच मिनिटांची तपासणी

सोल्डरिंग गन गरम करण्याआधी ही तपासणी करा.

मॉड्यूलची ऑडिओ वायर अॅम्पच्या बोर्डवरून काढा आणि बोर्डाच्या इनपुटवरचे डावा, उजवा आणि ग्राउंड हे तिन्ही पॉइंट तारेच्या तुकड्याने एकत्र जोडा. आता अॅम्प चालू करा आणि स्पीकरला कान लावा. स्पीकरच्या अगदी जवळ बारीक स्स्स ऐकू येईल, ते चालतं. किरकिर गेली असेल तर चिप, तिचा सप्लाय, कॉइल आणि स्पीकर ठीक आहेत. इनपुट बंद असूनही जाड गुणगुण राहिली तर अॅडॅप्टर तपासा. स्स्स एक मीटरवरूनही ऐकू येत असेल तर गेन, म्हणजे अॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण, जास्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मग ऑडिओ वायर परत जोडा, पण मॉड्यूलचा ५ व्होल्टचा सप्लाय पेटीतून घेऊ नका. त्याच्या दोन्ही वायर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, सोडवा आणि मॉड्यूल पॉवर बँकेवर चालवा. मॉड्यूल फार कमी करंट घेतं, त्यामुळे काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. तेवढा वेळ पुरतो. गाणं न लावता फक्त जोडणी करा आणि ऐका.

भजनी मंडळाच्या पेटीत या क्षणी पूर्ण शांतता झाली. मॉड्यूल तेच, वायर तीच, बोर्ड तोच. बदलली होती फक्त मॉड्यूलच्या करंटची परतीची वाट.

ग्राउंड म्हणजे शून्य नव्हे

सर्किटच्या चित्रात ग्राउंडचं चिन्ह काढलं की सगळे बिंदू एकच झाले असं आपण धरून चालतो. पेटीत मात्र तिथे तांब्याची वायर असते, आणि वायरला रोध असतो. मॉड्यूलला ५ व्होल्ट मिळतात, त्याचा करंट काम करून निगेटिव्ह वायरने परत जातो. मॉड्यूलवर सप्लायचं ग्राउंड आणि ऑडिओचं ग्राउंड आतून जोडलेलं असतं. अॅम्पच्या बोर्डवरही इनपुटचं ग्राउंड आणि पॉवरचं निगेटिव्ह आतून एकच असतं. म्हणजे परत जाणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात. एक सप्लायच्या निगेटिव्हची. दुसरी ऑडिओ वायरच्या ग्राउंडची, जी अॅम्पच्या इनपुटवरून फिरून त्याच अॅडॅप्टरला पोचते. करंट दोन्ही वाटांनी वाटून जातो.

थोडा हिशोब मांडतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. ब्रेडबोर्डवर वापरतो ती बारीक वायर साधारण २८ गेजची असते. तांब्याची असेल तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, म्हणजे २० सेंटीमीटरला ४३ मिलिओहम. ब्लूटूथचा रेडिओ सतत चालू-बंद होत असतो आणि त्यासोबत करंट काही दहा मिलिअँपिअरने वरखाली होतो. तो ३० धरा, त्यातला निम्मा ऑडिओच्या ग्राउंडने गेला असं धरा. १५ मिलिअँपिअर गुणिले ४३ मिलिओहम म्हणजे साधारण ०.६५ मिलिव्होल्ट. हा आकडा नगण्य वाटतो. पण हा व्होल्टेज सिग्नलच्या रांगेतच उभा असतो, आणि अॅम्पला त्याच्यात आणि गाण्यात भेद करता येत नाही. २६ डेसिबलचा गेन म्हणजे २० पट, तेव्हा स्पीकरवर १३ मिलिव्होल्ट. ८ ओहमच्या, वॉटला ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर ते एक मीटरवर ४३ डेसिबलच्या आसपास जातं. रात्रीच्या शांत खोलीत ते स्पष्ट ऐकू येतं. आणि यात जोडाचे, पिनांचे, सैल जंपरचे रोध अजून धरलेलेच नाहीत.

आता ७८०५ चा उपयोग का झाला नाही ते दिसेल. ७८०५ मुळे ५ व्होल्ट स्वच्छ झाले, पण मॉड्यूलचा करंट तसाच धक्के देत घ्यायचा आणि तसाच दोन वाटांनी परतायचा. घाण ५ व्होल्टमध्ये नव्हतीच. शिल्डेड वायर बाहेरून हवेतून येणारा त्रास अडवते, हा त्रास तर शिल्डमधूनच वाहत होता. आणि बोर्ड बदलून वायरिंग तेच ठेवलं तर नव्या बोर्डवरही तेच घडणार.

याचीच एक मोठी आवृत्ती आहे. मॉड्यूलचं निगेटिव्ह तुम्ही अॅडॅप्टरच्या सॉकेटवर जोडलंत, आणि तिथून अॅम्पपर्यंत २० सेंटीमीटरची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर गेली. तिचा रोध ७ मिलिओहम. जोरदार बासला त्या वायरमधून ३ अँपिअर गेले की २१ मिलिव्होल्ट तयार होतात, आणि त्यातला बराच भाग ऑडिओ ग्राउंडच्या वाटेने इनपुटमध्ये शिरतो. मोबाइलसारख्या साधनांची लाइन पातळी साधारण ३०० मिलिव्होल्टची. म्हणजे सिग्नलचा काही टक्के भाग अॅम्पचा स्वतःचाच परत आलेला करंट असतो. मग किरकिर नसली तरी आवाज मोठा केल्यावर बास चिखलासारखा वाटतो, आणि लोक स्पीकरला दोष देतात.

दुरुस्ती: मी कोणत्या क्रमाने करतो

सगळ्यात आधी वायरिंग, कारण त्याला खर्च नाही. अॅडॅप्टरमधून जाड वायरने थेट अॅम्पच्या पॉवर टर्मिनलवर या. बक कन्व्हर्टरचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही त्याच टर्मिनलवरून घ्या, वाटेतून कुठूनही नको. जोडीच्या वायर एकमेकांभोवती पिळून ठेवा आणि शक्य तितक्या आखूड ठेवा. मॉड्यूल अॅम्पच्या इनपुटजवळ बसवा, आणि बक कन्व्हर्टरचा कॉइल इनपुटच्या वायरपासून लांब. एवढ्याने बासचा चिखल जातो आणि किरकिर कमी होते. कमी होते म्हणतोय, नेहमी पूर्ण जाते असं नाही.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, आणि तो फार कमी लोक करतात. टीपीए३११६डी२ ची इनपुटं डिफरेन्शियल आहेत. प्रत्येक चॅनलला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह पिन असते, आणि चिप त्या दोघांतला फरकच वाढवते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने चिपमध्ये ही सोय दिली आहे, पण तयार बोर्ड बनवणारे निगेटिव्ह पिन एका छोट्या कॅपॅसिटरमधून सरळ बोर्डाच्या ग्राउंडला जोडून टाकतात आणि ती सोय वाया जाते. ती परत मिळवता येते. उजव्या चॅनलची निगेटिव्ह पिन ५ नंबरची आणि डाव्याची ११ नंबरची. त्या पिनांपासून निघून कॅपॅसिटर शोधा. मल्टिमीटर बीपवर ठेवा: कॅपॅसिटरचं जे टोक ग्राउंडशी वाजतं ते सोडवायचं. दोन्ही चॅनलची अशी मोकळी झालेली टोकं एकत्र करून एका वायरने मॉड्यूलच्या ऑडिओ ग्राउंडला न्या. आणि मॉड्यूलचं ऑडिओ ग्राउंड बोर्डाच्या इनपुट ग्राउंडला जोडू नका. आता दोन ग्राउंडमधला फरक दोन्ही पिनांवर सारखाच येतो, आणि चिप तो वजा करते. ऑडिओ वायरीतून परतीचा करंट वाहायचा मार्गच बंद होतो, तो फक्त सप्लायच्या निगेटिव्हने जातो.

कॅपॅसिटर तिळाएवढे असतात. बारीक टोकाची गन आणि भिंग हवं. उचलताना त्याच्याखालचा पॅड निघाला तर ग्राउंडकडे जाणारा ट्रॅक ब्लेडने तोडून तिथेच वायर लावा, काम तेच होतं. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) मध्ये असेल तर त्याचं ग्राउंडचं टोकही मॉड्यूलच्या बाजूच्या ग्राउंडलाच जायला हवं, नाहीतर सगळी मेहनत फुकट. पॉटमुळे दोन पिनांच्या वाटा अगदी सारख्या राहत नाहीत, त्यामुळे वजाबाकी थोडी अपुरी होते. आवाज मोबाइलवरूनच कमीजास्त करणार असाल तर पॉट काढून टाका, माझा अनुभव असा की पेटी आणखी शांत होते.

पॅम८६१० या दुसऱ्या क्लास डी चिपला सुद्धा डिफरेन्शियल इनपुट आहेत, तिथे हीच युक्ती चालते. पॅम८४०३ ला नाहीत. ५ व्होल्टवर चालणाऱ्या त्या लहान चिपचा गेन २४ डेसिबलवर पक्का असतो आणि इनपुट साधं. तिच्यासाठी तिसरा उपाय.

तो म्हणजे बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर. चार पायांचा छोटा काळा ठोकळा, ५ व्होल्ट घेतो आणि ५ व्होल्टच देतो, १ वॉट म्हणजे २०० मिलिअँपिअरपर्यंत. पण आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आत येणारं आणि बाहेर जाणारं ग्राउंड एकमेकांपासून पूर्ण वेगळं असतं. मॉड्यूल त्यावर चालवलं की त्याच्या करंटला परतायला एकच वाट उरते, कन्व्हर्टरकडे. ऑडिओचं ग्राउंड फक्त अॅम्पच्या इनपुटला जातं. पॉवर बँकेच्या तपासणीत जे घडलं तेच इथे कायमचं घडतं.

हा कन्व्हर्टर लावूनही किरकिर गेली नाही असं सांगणारे भेटतात. मी पेटी उघडतो आणि दर वेळी एकच चूक सापडते. मॉड्यूलच्या ग्राउंडवरून एक जास्तीची वायर मेटलच्या पॅनलला, एलईडीला किंवा बक कन्व्हर्टरच्या निगेटिव्हला गेलेली असते. ती एक वायर आयसोलेशन मोडून टाकते. अॅम्प बंद करून, ऑडिओ वायर सोडवून, मॉड्यूलचं ग्राउंड आणि अॅडॅप्टरचं निगेटिव्ह यांच्यात बीप वाजतो का पाहा. वाजायला नको. शिवाय हा कन्व्हर्टर रेग्युलेटेड नाही, म्हणजे बाहेरचे व्होल्ट स्वतः स्थिर ठेवत नाही. त्याला आत बरोबर ५ व्होल्ट हवेत, १९ किंवा १२ थेट द्यायचे नाहीत, आणि अगदीच कमी लोडवर तो ५ पेक्षा जास्त देऊ शकतो. दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा आणि मॉड्यूल जोडलेलं असताना व्होल्टेज मोजून घ्या.

ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर लावणं हाही उपाय आहे. दोन्ही टोकांना पिन असलेले तयार ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतात, त्यांच्या आत ६०० ओहमला ६०० ओहमचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. लॅपटॉप चार्जिंगला लावून ऑक्स वायरने पेटीला जोडला की गुणगुण येते आणि चार्जर काढला की जाते, तिथे हा उत्तम. पण बारीक कोअरचे स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातात. पखवाजाची धूम हवी असेल तर पेटीच्या आत मी ते लावत नाही.

नवीनच बांधणार असाल तर अॅनालॉग वायरच टाळता येते. ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर ब्लूटूथने गाणं घेऊन ते डिजिटल स्वरूपातच मॅक्स९८३५७ए या चिपला देऊ शकतो. तिच्या इनपुटवर आकडे येतात, त्यामुळे ग्राउंडमधले मिलिव्होल्ट तिथे शिरतच नाहीत. ५ व्होल्टवर ४ ओहमला ती ३ वॉटच्या आसपास देते. छोट्या खोलीला ते पुरतं.

गेनबद्दल. टीपीए३११६डी२ चा गेन ८ नंबरच्या पिनवरच्या दोन रेझिस्टरनी ठरतो. ग्राउंडकडे २० किलोओहम आणि ७ नंबरच्या पिनकडे १०० किलोओहम असेल तर २६ डेसिबल. ३९ आणि १०० असेल तर ३२. ग्राउंडकडे ५.६ किलोओहम आणि दुसरा रेझिस्टर काढून टाकला तर २० डेसिबल, म्हणजे १० पट. ३२ वरून २० वर आलात की इनपुटवरचा सगळा कचरा चौपट कमी होतो. गाणंही तेवढंच खाली येतं, पण ब्लूटूथ मॉड्यूल पुरेसा सिग्नल देत असेल तर घरात त्याने काही बिघडत नाही. चिप ही जोडणी चालू होतानाच वाचते, म्हणून बदल पॉवर काढूनच करायचा.

बास वाजला की बंद पडतो

ही दुसरी नेहमीची तक्रार. प्रत्येक ठोक्याला एलईडी मिणमिणतो, मग क्षणभर सगळं गप्प, आणि मॉड्यूल पुन्हा आपली चालू झाल्याची घोषणा करतं. मॉड्यूल रीसेट झालं याचा अर्थ सप्लाय खाली बसला. चिपचा दोष नाही.

१२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॅप्टर आणि ४ ओहमचे दोन स्पीकर घ्या. पूर्ण आवाजाला एका चॅनलची शिखरं १२ व्होल्टपर्यंत जातात, म्हणजे ३ अँपिअर. सलग सूर वाजवला तर चॅनलला जेमतेम १८ वॉट. चिप ९० टक्के कार्यक्षमतेने चालली तरी दोन्ही चॅनल मिळून अॅडॅप्टरमधून ३.३ अँपिअर मागतात. तो २ चाच आहे, त्याचं संरक्षण लागतं आणि तो थांबतो. १९ व्होल्टचा ६५ वॉटचा लॅपटॉप अॅडॅप्टर, ८ ओहमचे स्पीकर आणि बोर्डाच्या टर्मिनलला चिकटून २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर, एवढं केलं की ही तक्रार सहसा परत येत नाही. त्याहून फार मोठे कॅपॅसिटर लावू नका. चालू करताना ते भरायला इतका करंट लागतो की काही अॅडॅप्टर सुरूच होत नाहीत.

२४ व्होल्टचा सप्लाय लावणार असाल तर आधी बोर्डावरच्या कॅपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. २५ व्होल्ट असेल तर लावू नका. चिप २६ पर्यंत चालते, पण कॅपॅसिटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. बोर्डाच्या जाहिरातीतले ५० अधिक ५० वॉट हे ४ ओहम आणि २१ व्होल्टचे आकडे आहेत, तेवढं लक्षात ठेवून स्पीकर निवडा.

अॅम्प बंद पडून आपोआप परत येतो की स्विच बंद करून चालू केल्यावरच येतो, यातूनही खूप कळतं. व्होल्टेज कमी किंवा जास्त झालं तर चिप स्वतः सावरते. शॉर्ट, अति तापमान किंवा आउटपुटवर डीसी आढळला तर ती अडून बसते. बोर्डावर फॉल्टची पिन ३ आणि शटडाउनची पिन २ एकमेकींना जोडलेल्या असतील तर मात्र या चुकांनंतरही ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तुम्हाला ठरावीक लयीत टक टक ऐकू येतं. तसं झालं की आधी स्पीकरच्या वायर तपासा.

स्पीकरचा निगेटिव्ह ग्राउंडला जोडायचा नाही

इथे चिप खरोखर जळू शकते, म्हणून नीट वाचा. आपल्यापैकी बरेच जण एलए४४४० किंवा टीडीए२०३० या जुन्या, क्लास डी नसलेल्या अॅम्प चिपच्या किटवर शिकले. त्या साध्या स्टिरिओ जोडणीत स्पीकरचा एक टोक ग्राउंडलाच असतो, म्हणून दोन्ही स्पीकरचे निगेटिव्ह एकत्र करून एक वायर वाचवायची सवय लागली. टीपीए३११६डी२, पॅम८४०३, पॅम८६१० या चिपांत स्पीकर दोन आउटपुटच्या मध्ये टांगलेला असतो. त्याच्या निगेटिव्ह टोकावरही आउटपुट ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात. ते टोक ग्राउंडला टेकवलं की तो सरळ शॉर्ट.

मल्टिमीटरने पाहा. १९ व्होल्टवर शांत असताना स्पीकरच्या प्रत्येक टोकावर ग्राउंडच्या तुलनेत ९.५ व्होल्टच्या आसपास दिसेल, आणि दोन टोकांच्या मध्ये फक्त काही मिलिव्होल्ट. हे बरोबर आहे. ९.५ व्होल्ट डीसी पाहून घाबरून बोर्ड परत पाठवणारे मी पाहिले आहेत.

म्हणून पॅम८४०३ च्या आउटपुटला हेडफोनचा जॅक लावायचा नाही, कारण जॅकमध्ये दोन्ही कानांचं ग्राउंड एकच असतं. स्पीकरच्या टोकांवरून नाचणाऱ्या दिव्यांचा व्हीयू मीटर चालवायचा नाही, त्याचा सिग्नल इनपुटवरून घ्या. ऑसिलोस्कोपची ग्राउंडची चिमटी स्पीकरच्या कोणत्याही टोकाला लावायची नाही. स्कोप अर्थिंगला जोडलेला असतो, आणि तीन पिनांच्या लॅपटॉप अॅडॅप्टरचं निगेटिव्हही बऱ्याचदा तसंच असतं. पॅम८४०३ ला ५.५ व्होल्टच्या वर नेऊ नका, चार नव्या पेन्सिल सेलनी ती मर्यादा ओलांडली जाते.

शिट्टी आणि रेडिओ

एकाच पेटीत दोन क्लास डी बोर्ड बसवले, एक सबवूफरला आणि एक वरच्या स्पीकरना, की कधीकधी बारीक शिट्टी येते, तीही गरम झाल्यावर वरखाली होणारी. दोन चिपांच्या आतल्या घड्याळांच्या, म्हणजे चालू-बंद होण्याच्या, वेगातला फरक ऐकू येण्याच्या पट्ट्यात पडतो म्हणून. टीपीए३११६डी२ ला त्यासाठी १६ नंबरची सिंक पिन आहे. एका चिपला मुख्य आणि दुसरीला अनुयायी ठेवलं, तसे ८ नंबरच्या पिनचे रेझिस्टर बदलले, की दोघी एकाच तालात चालतात आणि शिट्टी संपते.

पुण्यात कोणाच्या घरी अजून मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ लागत असेल, आणि शेजारी पेटी चालू केल्यावर आकाशवाणीवर घरघर येत असेल, तर त्याचं कारणही साधं आहे. ही चिप ४०० किलोहर्ट्झला चालत असेल तर तिची दुप्पट ८००, म्हणजे स्टेशनच्या अगदी शेजारी. १३, १४ आणि १५ नंबरच्या पिना ही वारंवारता बदलण्यासाठीच दिल्या आहेत. ५०० ला नेली की दुप्पट १००० वर जाते. शिवाय स्पीकरच्या वायर पिळून आखूड ठेवा. आउटपुटचा १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा फिल्टर ६० किलोहर्ट्झच्या वरचं बरंच अडवतो, पण सगळं नाही, आणि लांब वायर अँटेनाचं काम करते. फिल्टर नसलेल्या पॅम८४०३ ला हे दुप्पट लागू.

मावशीच्या पेटीत शेवटी मी डिफरेन्शियल जोडणी केली, पॉट काढला आणि गेन २० वर आणला. बी०५०५एस ची गरज पडली नाही. राहिला होता तो बंद करतानाचा धप्प आवाज. मुख्य पॉवर जाण्याआधी चिप झोपली पाहिजे, म्हणून २ नंबरच्या शटडाउन पिनवरून ग्राउंडला जाणारा एक छोटा स्विच पुढच्या पॅनलवर लावला. बहुतेक बोर्डांवर ही पिन एका मोठ्या रेझिस्टरने वर ओढलेली असते, तेव्हाच असं करता येतं. ती थेट पॉझिटिव्हला जोडलेली असेल तर ग्राउंडला टेकवू नका, आधी मल्टिमीटरने पाहा. आता सराव संपला की मावशी आधी छोटा स्विच खाली करतात, मग भिंतीवरचं बटण.